खाडीकाठचे घर: निवृत्तीनंतर कोकणात जागा घेऊ पाहणाऱ्या नागपूरकरांसाठी

दर डिसेंबरात नागपुरात आलो की अंबाझरी तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी मला बाजूला घेतो आणि विचारतो, "कोकणात घेतली म्हणे तुम्ही जागा, आम्हालाही पाण्याकाठी एखादे लहानसे घर पाहायचे आहे, कुठून सुरुवात करावी?" उभ्या उभ्या दहा मिनिटांत सांगता येईल असा हा विषय नाही, म्हणून तो एकदाच नीट क्रमाने लिहून ठेवतो आहे.

मी राज्य शासनाच्या लेखा शाखेतून २०१८ मध्ये निवृत्त झालो. त्यानंतर साडेतीन वर्षे आम्ही दोघे सिंधुदुर्गात जागा शोधत होतो. त्या काळात एक व्यवहार फसला, दोन आम्हीच सोडून दिले, आणि जानेवारी २०२२ मध्ये मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीकाठी गावठाणातले एक जुने कौलारू घर व त्याला लागून असलेली २२ गुंठे माडांची बाग पत्नीच्या नावे झाली. पत्नीच्या नावे का, ते पुढे येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. नागपुरात प्लॉट घेताना आपण लेआऊट मंजूर आहे का आणि सुधार प्रन्यासाचे आरएल (मान्यतेचे पत्र) मिळाले आहे का, हे पाहतो आणि बऱ्याच अंशी निर्धास्त होतो. त्या सवयीचा कोकणात फारसा उपयोग नाही. तिथे पहिले दोन प्रश्न वेगळेच असतात: उताऱ्यावर किती माणसांची नावे आहेत, आणि जागा पाण्यापासून कायद्याच्या मोजमापाने किती दूर आहे. दृश्य किती सुंदर आहे हा प्रश्न तिसरा, आणि तो विचारण्याची घाई दलालाला असते.

१. आधी भाड्याने राहा, तेही दोन ऋतूंत

बहुतेक नागपूरकर कोकण पाहतात ते दिवाळीच्या सुट्टीत किंवा जानेवारीत, जेव्हा तिथे सगळेच छान असते. जागा घ्यायची असेल तर मे महिन्याचे पंधरा दिवस आणि आषाढ-श्रावणातले पंधरा दिवस त्याच गावात, शक्य तर त्याच वाडीत, खोली भाड्याने घेऊन काढा.

मे महिन्यात विहिरीचे खरे पाणी कळते. पावसाळ्यात खाडीत वरून गोडे पाणी येत असते, त्यामुळे काठच्या विहिरीही गोड लागतात. उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी आत शिरते आणि काही विहिरी मचूळ होतात. आम्ही पाहिलेल्या एका घरात मालकिणीने चहा उत्तम पाजला होता. परसात उभा असताना मी सहज पोहरा सोडला, ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि ते गिळवले नाही; चहाचे पाणी शेजारच्या वाडीतून कळशीने आणलेले होते. तेव्हापासून टीडीएस मोजण्याचे छोटे यंत्र माझ्या पिशवीत असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. मे महिन्यात यंत्राने दोन हजारांच्या वर आकडा दाखवला, तर ते घर सोडून द्या.

आषाढात दुसरी परीक्षा होते. नागपूरच्या सरासरी पावसाच्या अडीच-तीन पट पाऊस इथे चार महिन्यांत पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला जोरदार पाऊस आला की खाडीला समुद्रात उतरायला वाट राहत नाही आणि पाणी काठावर चढते. त्या दिवशी तुम्ही तिथे हजर असायला हवे. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, रस्ता किती तास बंद राहिला, वीज केव्हा परत आली, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

२. समुद्र की खाडी, हे ठरवा

माझे स्पष्ट मत खाडीच्या बाजूचे आहे. समुद्रासमोरची जमीन हॉटेलवाल्यांच्या स्पर्धेमुळे महाग झाली आहे, खाऱ्या वाऱ्याने तिथले लोखंड दोन वर्षांत खाल्ले जाते आणि बांधकामाचे निर्बंधही तिथे सर्वांत कडक आहेत. खाडीकाठी भाव उतरतात, वारा मवाळ असतो, आणि निवृत्त माणसाला हवी असलेली शांतता खरोखर मिळते. सिंधुदुर्गात कालावलची खाडी, कर्ली, विजयदुर्गची वाघोटन आणि गोव्याच्या सीमेवरची तेरेखोल, तर रत्नागिरीत जयगड, दाभोळ, पूर्णगड, जैतापूर अशा खाड्यांच्या आतल्या अंगाला, समुद्रापासून पाच-दहा किलोमीटरवर, अजूनही पेन्शनरला झेपतील अशी घरे सापडतात.

आतल्या अंगाला म्हणजे नदीच्या किती आत, याला मात्र मर्यादा आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणचे काय केले ते आपण पाहिले, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले तेव्हा ते आपल्याच शहरात अनुभवले. म्हणून पाटबंधारे खात्याकडे त्या नदीची पूररेषा आखलेली आहे का, हे विचारा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आतली जागा स्वस्त असण्याचे कारण तेच असते.

भावाबद्दल एक सावधगिरी. "शक्तिपीठ झाला की नागपूरहून सरळ इथे," असे सांगून दलाल किंमत चढवतात. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंतचा हा महामार्ग ८०२ किलोमीटरचा आणि १२ जिल्ह्यांतून जाणारा म्हणून जाहीर झाला आणि त्याला अनेक ठिकाणी शेतकऱ्यांचा विरोध झाला. जो रस्ता अजून झालेला नाही, त्याचे पैसे आज मोजू नका.

३. तुम्ही कायद्याने शेतकरी आहात का?

गावठाणातले घर किंवा रीतसर बिनशेती झालेला भूखंड कोणीही घेऊ शकतो. शेतजमीन मात्र शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. कोकणात यासाठी १९४८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे आणि त्यातले ६३ वे कलम आडवे येते. कोकणात बागेचा प्रत्येक तुकडा, मग तो घराच्या पायरीला लागून का असेना, कागदावर शेतजमीनच असतो.

आपल्याकडे विदर्भात अनेक घरांत वडिलोपार्जित वावर असते, फक्त ते आपण विसरलेलो असतो. माझ्या नावावर काही नव्हते. काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर वारस म्हणून पत्नीचे नाव लागलेले होते, म्हणून तहसीलदारांकडून शेतकरी असल्याचा दाखला तिला मिळाला आणि खरेदी तिच्या नावाने झाली. वारस नोंद झालेली नसेल तर ती आधी करून घ्या. तिला महिने लागू शकतात.

यातला नेहमीचा सापळा असा, की पैसा उभा करण्यासाठी लोक आधी इकडचे शेत विकतात आणि मग तिकडे जमीन पाहतात. इकडची शेवटची जमीन विकली की शेतकरी म्हणून उभे राहण्याचा आधार जातो. क्रम उलटा ठेवा, किंवा इकडचा थोडा हिस्सा राखून ठेवा.

४. सातबाऱ्यावरची नावे मोजा

सगळ्यांत जास्त माणसे अडकतात ती या पायरीवर, आणि मीही इथेच अडकलो होतो.

महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. आपल्याकडे मौजा आणि खसरा नंबर विचारतात, तिकडे गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर विचारतील; पटवारी म्हणालात तर लोक हसतील, तिकडे तलाठीच म्हणतात, जरी शासनाने आता त्या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी केले असले तरी. उतारा हाती आला की क्षेत्र पाहण्याआधी भोगवटादारांची नावे मोजा.

आमच्या पहिल्या व्यवहारात ती २३ होती. विकणारे गृहस्थ सज्जन होते, बाग तेच कसत होते, नारळ तेच उतरवत होते, आणि "सगळी आमच्याच घरातली माणसे आहेत" हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण सातबारा सामाईक होता. तेविसांपैकी चार जण वारले होते आणि त्यांच्या वारसांची नोंद नव्हती. बाकीचे डोंबिवली, विरार, बडोदा असे पांगलेले होते. आम्ही ५१ हजार विसार दिला (आपण ज्याला इसार म्हणतो तोच), वकिलाने कुलमुखत्यारपत्रे गोळा करायला घेतली, आणि आठ महिन्यांनी मुंबईतल्या एका वृद्ध चुलत बहिणीने निरोप पाठवला की सही करणार नाही, कारण गणपतीला गावी येऊन उतरायला तेवढे एकच घर तिला उरले होते. तिच्यावर मला राग धरता आला नाही. विसार परत मिळायला पुढे चौदा महिने लागले.

यावरून मी स्वतःला घालून घेतलेला नियम असा: पाचापेक्षा जास्त नावे असतील तर आधी त्यांनी आपसात हक्कसोडपत्रे करावीत किंवा वाटप करून पोटहिस्सा स्वतंत्र करावा, मगच आपण बोलणी करावीत. "माझ्या वाट्याचे तेवढे घ्या, बाकी मी बघतो" असे एखादा भाऊ म्हणाला तर नको म्हणा. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला एकाचा हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे त्याला त्या घरात संयुक्त ताबा मागता येत नाही. म्हणजे खरेदीखत हाती असते आणि मुक्काम लॉजमध्ये असतो.

नावांनंतर "इतर हक्क" हा रकाना अक्षर अक्षर लावून वाचा. तिथे पुढीलपैकी काही आढळले तर थांबा:

- कुळाचे नाव. ते साठ वर्षांपूर्वीचे आणि "नावालाच आहे" असे सांगितले गेले, तरी कमी झाल्याचा फेरफार (सातबाऱ्यातील बदलाची नोंद) पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- "कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा. अशी जमीन कुळाने कायद्याने मिळवलेली असते आणि ती विकण्याआधी शर्तींची पूर्तता करावी लागते.
- बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा. कर्ज फिटलेले असते, पण बोजा कमी केलेला नसतो. हे काम विकणाऱ्याने करायचे.
- भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), देवस्थान इनाम (देवस्थानाला दिलेली जमीन), आकारीपड (सारा थकल्याने शासनाकडे गेलेली जमीन) यांपैकी कोणताही उल्लेख.
- खासगी वनाची नोंद. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याखालील अशा नोंदी कोकणात पुष्कळ आहेत, आणि सावंतवाडी-दोडामार्ग भागात "वनसंज्ञा" (जमीन वन म्हणून गणली गेल्याचा शेरा) हा शब्द ऐकू आला तर वनविभागाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

उताऱ्यात न दिसणारीही एक गोष्ट आहे. जमीन एकाची आणि तिच्यावरचे घर दुसऱ्याचे, असा प्रकार कोकणात सर्रास आढळतो. जागेवर दुसऱ्या कोणाचे घर, गोठा, विहिरीचा वाटा किंवा एखाद्या स्थळाची घुमटी आहे का, हे स्वतः फिरून पाहा. आमच्या बागेच्या कोपऱ्यात राखणदाराचा (जागेची राखण करणाऱ्या देवाचा) एक दगड आहे. वर्षातून एकदा वाडीतली माणसे तिथे नारळ ठेवायला येतात. हे आम्हाला खरेदीआधी सांगितले गेले, आम्ही होकार दिला, आणि त्यामुळेच शेजार लवकर जुळला.

५. पाण्याची रेषा कागदावर पाहा

किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे बोलीतले सीआरझेड, हा शब्द दलाल दोन प्रकारे वापरतात: काही जण तो उच्चारतच नाहीत, आणि काही जण "ते आता सगळे शिथिल झाले" असे म्हणतात. दोघांवरही विसंबू नका.

६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे समुद्राच्या बाजूने उच्चतम भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत, आणि खाडीच्या बाजूने १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत हे क्षेत्र मोजले जाते. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने खाडीसाठीचे १०० मीटर ५० वर आणले. समुद्राकडे ग्रामीण भागात पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र राहते. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तिथेच नव्या अधिसूचनेत ते ५० मीटर होते. सिंधुदुर्गातली बहुतेक खेडी इतकी दाट नाहीत, तेव्हा तुम्ही २०० मीटर धरूनच चाला. नवी अधिसूचना लागू होते ती त्या जिल्ह्याचा नवा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर, म्हणून तुमच्या सर्व्हे नंबरला कोणता आराखडा लागू आहे हे नगररचना कार्यालयातून लेखी घ्या. भरतीरेषा म्हणजे गावकरी हाताने दाखवतात ती ओल नव्हे. ती नकाशावर आखलेली असते, आणि मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर बसवून घेतल्याशिवाय अंतर कळत नाही.

खाडीकाठी याहून मोठी अडचण कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या झाडीची आहे. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो आणि कांदळाची फांदी तोडणेही गुन्हा ठरू शकते. त्यामुळे तिथे अंतर कांदळाच्या कडेपासूनही मोजावे लागते. ओसाड पडलेल्या खाजणात (भरतीचे पाणी येणाऱ्या सखल जमिनीत) कांदळ आपोआप उगवते. दहा वर्षांपूर्वीच्या फोटोत मोकळी दिसणारी जागा आज हिरव्या पट्ट्यात गेलेली असू शकते. गूगल अर्थवर जुनी वर्षे मागे नेऊन पाहता येतात, तेवढे घरबसल्या करा.

या सगळ्यावरून मी काढलेला निष्कर्ष असा, की नवे बांधण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या नोंदीत जुन्या काळापासून असलेले घर घ्यावे आणि त्याच जोत्यावर दुरुस्ती करावी. अधिकृत जुन्या घराच्या दुरुस्तीला या नियमांत वाव आहे, मोकळ्या भूखंडाला तो जवळजवळ नाही. फक्त एक लक्षात ठेवा: ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. कोणी तेवढ्यावर घर विकत असेल तर खालची जमीन कोणाची, हे विचारा.

६. मोजणी आणि वाट

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज विकणाऱ्याला करायला लावा. शुल्क हवे तर तुम्ही भरा. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि लगतच्या सगळ्यांना बोलवा. कोकणात हद्द म्हणजे जांभ्या दगडाचा गडगा, आणि गडगा दर पिढीत थोडा सरकतो. आमचा गडगा एका बाजूला सव्वा मीटर आत आला होता. शेजाऱ्यांचा फणस त्यात असल्यामुळे आम्ही तो तसाच राहू दिला, पण "क" प्रतीवर (मोजणीच्या नकाशावर) खरी हद्द नोंदवून घेतली.

दुसरा प्रश्न वाटेचा. चिरेबंदी पाणंदीतून उन्हाळ्यात गाडी आत जाते, म्हणजे तो रस्ता आहे असे नव्हे. ती वाट कोणाच्या हिश्श्यातून जाते, ती नकाशावर आहे का, आणि नसेल तर त्या मालकाचे नोंदणीकृत संमतिपत्र मिळेल का, हे व्यवहाराआधी ठरवा. जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे शेताला बांधावरून वाट मागता येते, पण परक्या गावातले पहिले वर्ष अर्जविनंत्यांत घालवू नये.

क्षेत्राबाबत तुकडेबंदी आठवा. जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत (याहून लहान तुकडा पाडता न येणारे) क्षेत्र २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांना लागू झाले आहे. "पाच गुंठे काढून देतो" म्हणणाऱ्याला तो तुकडा वेगळा कसा करणार आहे, हे विचारा. आहे तो हिस्सा नंबर अख्खा घेणे सर्वांत सरळ. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे नागपूरच्या फुटांच्या हिशेबासाठी लिहून ठेवा.

७. पैसे आणि खरेदीखत

वकील तालुक्याच्या ठिकाणचाच, आणि दलालाने सुचवलेला नसलेला घ्या. त्याच्याकडून किमान ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, एवढे झाल्याशिवाय विसार देऊ नका. फाईलमध्ये पुढील कागद असावेत:

- चालू सातबारा, ८अ (खातेउतारा) आणि जुने हस्तलिखित सातबारे
- मालकी कशी आली ते दाखवणारे सगळे फेरफार, मृत खातेदारांच्या वारस नोंदींसह
- हिस्सा नकाशा आणि मोजणीची "क" प्रत
- मागच्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या दस्ताच्या उताऱ्याच्या) प्रती
- घराचा नमुना ८, घरपट्टीची पावती, वीजबिल
- किनारा नियमन क्षेत्राबाबतचे लेखी उत्तर आणि गरज असेल तिथे वनविभागाचे
- तुमचा शेतकरी असल्याचा दाखला, आधार, पॅन, फोटो

विसार साध्या पावतीवर न देता साठेखत (खरेदीचा करार) करून ते नोंदवा, आणि त्यात दोन वाक्ये हटकून घाला: सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या अमुक तारखेपर्यंत न झाल्यास रक्कम इतक्या दिवसांत परत, आणि कागदात दोष निघाल्यास खर्च विकणाऱ्याचा. माझ्या पहिल्या पावतीत ही वाक्ये नव्हती. रोखीचा आग्रह झाला तर हात जोडा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणे आयकर कायद्याला चालत नाही, आणि रोख दिलेला पैसा व्यवहार मोडल्यावर सिद्ध करता येत नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल आणि मालमत्ता शेतजमीन नसेल, तर एक टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे.

कुलमुखत्यारपत्रावर सही होणार असेल तर ते लिहून देणारा हयात आहे, याची खात्री त्याच दिवशी फोनवरून करा. तो वारला की अधिकार संपतो. आणि "खरेदीखत नंतर, आत्ता मुखत्यारपत्रावर ताबा घ्या" असे कोणी म्हणाले, तर २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यवहाराने मालकी येत नाही असे सांगितले आहे, हे त्याला ऐकवा.

मुद्रांक शुल्क बाजारमूल्य आणि ठरलेली किंमत यांपैकी जे जास्त त्यावर लागते; वार्षिक मूल्यदर तक्ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय पाहता येतात. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल ३० हजार. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो, पण सगळे हिस्सेदार एकाच दिवशी एकत्र येत असतील तर तो दिवस वाया घालवू नका. आमचे पाच जण चतुर्थीसाठी गावी येणार होते, म्हणून आम्हाला तोच मुहूर्त साधायचा होता. त्यातला एक ताप येऊन मुंबईत राहिला आणि खरेदी थेट जानेवारीवर गेली.

८. फेरफार

खरेदीखत झाले म्हणजे संपले, असे समजून अनेक जण नागपूरला परततात. फेरफाराची नोंद धरली गेली का, हरकतीची १५ दिवसांची नोटीस निघाली का आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली का, हे पाहत राहा. नवा सातबारा आल्यावर नाव नीट वाचा. आमच्या उताऱ्यावर आडनावाची वेलांटी चुकली होती. तेवढ्यासाठी जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. पाठोपाठ ग्रामपंचायतीत घरपट्टी आणि महावितरणकडे वीजजोडणी आपल्या नावावर करून घ्या.

९. घर राहण्यासारखे करणे

दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या निम्मा तरी धरा. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती आणि मंगलोरी कौले या हवेत उत्तम टिकतात, ती पाडून स्लॅब टाकण्याचा मोह आवरा. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आम्ही मुद्दाम तीन गावे फिरलो. कौले उडालेली घरे महिनाभरात पुन्हा शाकारली गेली होती, उडालेल्या पत्र्यांनी मात्र शेजाऱ्यांचेही नुकसान केले होते. घरावर झुकलेला माड आधी उतरवा, नंतर रंग लावा.

नागपूरहून सामान नेताना मी आमचा मोठा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ट्रकमध्ये चढवला होता, कारण नवतपात ज्याने वाचवले त्याला सोडून जाणे मनाला पटेना. पहिल्याच मे महिन्यात तो लावला आणि तासाभरात गाद्या, उशा, वर्तमानपत्र, सगळे दमट झाले. गारवा मात्र नाही. कूलर चालतो तो कोरड्या हवेवर, आणि इथली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. पारा ३४ च्या पुढे क्वचित जातो, पण घाम वाळत नाही. छताचा पंखा, समोरासमोर खिडक्या आणि रुंद पडवी यांवर पैसे घाला. लोखंडी ग्रील टाळा, कपाटांना मागून हवा ठेवा, आणि इन्व्हर्टर दोन दिवस पुरेल असा घ्या.

वर्षातले काही महिने घर बंद राहणार असेल, तर पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला झाप (विणलेल्या झावळ्या) बांधणे, दिवाळीच्या सुमारास बेणणी (वाढलेल्या गवता-झुडपांची सफाई) करून घेणे आणि नारळ उतरवणे, या तीन कामांसाठी वाडीतल्याच माणसाशी वर्षाचे ठरवा. मजुरी आधी बोलून घ्या आणि नारळांतला वाटा त्याला न मागता द्या.

जाण्यायेण्यासाठी नागपूर–मडगाव विशेष गाडी कणकवली-कुडाळला थांबते. ती विशेष असल्यामुळे मुदत वाढली आहे का, ते प्रत्येक वेळी पाहावे लागते. विमानाने गेलात तर गोव्याचे मोपा सोयीचे पडते. पेन्शनरांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने द्यायला शिकून घ्यावे, म्हणजे त्यासाठी नागपूरची खेप पडत नाही.

दवाखान्याचा विचार जागा पाहतानाच करा. सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयी, ओरोसला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी लोक गोव्यातल्या बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला जातात. निवडलेल्या घरापासून ओरोसपर्यंत एकदा रात्री अकरानंतर, तेही पावसात, गाडीने जाऊन वेळ मोजा. आम्हाला पहिल्या घरापासून पावणेदोन तास लागले होते, आत्ताच्या घरापासून पन्नास मिनिटे लागतात. दोन घरांतून एक निवडताना आम्ही शेवटी हाच आकडा पाहिला.